अर्धवट खोललेली गाडी पुन्हा जोडताना

कुणीतरी घरी हौसेने बनवलेली गाडी अर्धी खोलून ठेवलेल्या अवस्थेत हाती आली, तर निम्मे काम आधीच झालेले आहे असा हिशेब मनात सहज मांडला जातो. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. सगळे भाग सुटे असतात तेव्हा निदान शंका तरी नसते; काहीच बसवलेले नाही आणि जे बसवायचे ते आपणच, हे स्पष्ट असते. अर्धवट गाडीत सुट्या भागांची जागा शोधावी लागतेच, शिवाय जोडलेल्या दिसणाऱ्या भागांवरही भरवसा ठेवता येत नाही. समोरचा बोल्ट मूळ जोडणाऱ्याने पक्का आवळला होता, की खोलता खोलता सैल करून तसाच सोडला होता, की पुन्हा जोडायला घेऊन नुसता हातावर फिरवून ठेवला होता, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. गेल्या वर्षभरात मला आलेला वैताग बहुतांश या एका गोष्टीतून आलेला आहे, आणि असे काम अंगावर घेणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून तो मी जरा तपशिलात लिहीत आहे.

ही गाडी वडोदऱ्यातच, अकोटा भागात जन्मली. आमच्या घरी सगळे ज्यांना काका म्हणत अशा एका निवृत्त अभियंत्यांनी ती १९९० च्या दशकात आपल्या घराच्या तळमजल्यावर बनवली. ब्रिटिश अभियंते कॉलिन चॅपमन यांच्या लोटस सेव्हन या गाडीच्या वळणाची, बुटकी, बिनदाराची, दोन माणसांची, लांब बॉनेटची आणि पुढची चाके अंगाबाहेर ठेवणारी अशी ती आहे. चौकोनी पोलादी नळ्या वेल्ड करून केलेली चासी, बाजूंना रिव्हेट मारलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि नाक व मडगार्ड फायबरचे. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल आणि पुढच्या चाकांचे स्टब प्रीमियर पद्मिनीचे, स्टिअरिंगचा रॅक (चाके वळवणारी दातेरी पट्टी) मारुती ८०० चा, तर पेडल आणि ब्रेक-क्लचचे मास्टर सिलिंडर अँबॅसिडरचे. काकांनी ती खासगी जागेत काही वर्षे चालवली, मग चासी नव्याने रंगवण्यासाठी आणि क्लच बदलण्यासाठी खोलायला घेतली, आणि काम अर्ध्यावर असतानाच ते आजारी पडले. ते गेल्यावर गाडी त्याच खोलीत तशीच उभी राहिली. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हा त्या खोलीतही पाणी शिरले, आणि त्यानंतर काकूंनी मला बोलावून घेतले. त्या म्हणाल्या, "तूच ने. भंगारवाला वजनावर मागतोय, आणि त्यांनी ती वजनावर नव्हती बनवली." गाडी टेम्पोतून आमच्या घरच्या शेडमध्ये आली, तिच्यामागून खोकी आली, आणि खोक्यांमागून प्रश्न.

किट कार, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायची गाडी, या प्रकाराचा इतिहासच जोडणीच्या सूचनांशी बांधलेला आहे. १९५७ मध्ये सेव्हन बाजारात आली तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागत असे. सुट्या भागांच्या रूपात घेतलेल्या गाडीवर तो लागत नसे. म्हणून हौशी माणसे भाग घरी आणून गाडी स्वतः जोडत. असे सांगतात, की या सवलतीच्या नियमांनुसार भागांसोबत जोडणीच्या सूचना देण्यास मनाई होती. तेव्हा कंपनीने गाडी खोलण्याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायच्या, अशी सोय केली. १९७३ मध्ये तिथे मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम या कंपनीकडे गेले, आणि आजही ती तिथे सुट्या भागांत विकत मिळते. मला ही हकीकत वारंवार आठवते, कारण खोलण्याचा क्रम हीच एक वस्तू मला काकूंकडून मिळालेल्या कोणत्याही खोक्यात नव्हती. कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीचा एखादा भाग कुठे बसतो हे कळेना, तर दुसरी पद्मिनी शोधून तिच्याखाली वाकून पाहता येते, जुने मिस्त्री सांगू शकतात, पुस्तिका मिळते. या गाडीला जोडीदार नाही. तिची जोडणी जिथे लिहिलेली होती ती जागा म्हणजे काकांची स्मरणशक्ती.

काकांनी चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, हे मात्र मुद्दाम सांगायला हवे. प्रत्येक पिशवीत पेन्सिलीने लिहिलेला कागद होता. खालच्या थरातल्या खोक्यांमधल्या चिठ्ठ्यांचा पुराच्या पाण्यात लगदा झाला, पण वरच्या थरातल्या वाचता येतात. त्यातली एक अशी आहे: "पुढचा उजवा, आतून दोन." म्हणजे पुढच्या उजव्या विशबोनला, चाक चासीशी जोडणाऱ्या फाट्यासारख्या दांड्याला, आतल्या बाजूने दोन वायसर. आता हा उजवा चालकाच्या आसनावर बसून पाहिलेला, की गाडीसमोर उभे राहून पाहिलेला? स्टिअरिंगच्या दांड्याची पकड ज्या पिशवीत होती तिच्यावर "उजवीकडे" असे लिहिले आहे, आणि आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडेच असते, म्हणजे ती चिठ्ठी आसनावर बसल्याच्या हिशेबाने लिहिलेली. पण हॉर्नच्या पट्टीवर "डावी" लिहिले आहे, आणि तिच्या भोकांशी जुळणाऱ्या रंगाच्या खुणा चासीवर चालकाच्या उजव्या बाजूला आहेत. ती खोलताना काका गाडीसमोर उभे असणार. विशबोन खोलणारा माणूसही समोरच बसतो, नाही तर बाजूला. त्या दोन वायसरांनी चाकाचा उभा कल ठरतो. ते चुकीच्या बाजूला गेले तर एक टायर आतून आणि दुसरा बाहेरून झिजेल आणि गाडी एका अंगाला ओढेल. अखेर दोन्ही बाजूंच्या बोल्टांवरचा स्वच्छ, न गंजलेला पट्टा मोजला. चालकाच्या डाव्या हाताच्या बोल्टावर तो बरोबर दोन वायसरांच्या जाडीइतका जास्त निघाला, तेव्हा तो प्रश्न सुटला. एका चिठ्ठीमागे अख्खा रविवार जातो तो असा.

जोडलेल्या भागांची परीक्षा याहून किचकट आहे, पण लोखंड बरेच काही सांगते, हे मी या कामात शिकले. नायलॉक नटाच्या तोंडाशी नायलॉनचे कडे असते. नट एकदा पूर्ण आवळला गेला असेल तर त्या कड्यावर बोल्टाच्या आट्यांचे ठसे उमटलेले असतात; नट काढून कडे उजेडात धरले आणि ते गुळगुळीत दिसले, तर तो कधीच शेवटपर्यंत गेलेला नाही. नट पक्का बसलेला असला तर वायसरखालचा रंग दबून तिथे चकचकीत गोल तयार होतो. नुसता हातावर फिरवलेला असला तर रंग अखंड राहतो. किल्ल्यासारख्या खाचा असलेल्या नटात स्प्लिट पिन नसेल, तर तो नट कितीही घट्ट लागला तरी काम अपुरे आहे असेच समजायचे. पुढच्या डाव्या चाकाच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर, तो नट घट्ट होता, पिन नव्हती, आणि आतल्या बेअरिंगमध्ये ग्रीसचा थेंबही नव्हता. कुणी ते चाक तसेच फिरवले असते तर बेअरिंग काही किलोमीटरांतच जळाले असते.

इथे एक अडचण येते. जे सैल आहे ते सगळे अपुरे असते, असेही नाही. मागचा अ‍ॅक्सल या गाडीत पद्मिनीसारखा पाट्यांवर नाही. काकांनी तो लांब दांड्यांवर आणि कॉइल स्प्रिंगवर घेतला आहे, आणि प्रत्येक दांड्याच्या दोन्ही टोकांना रबरी बुश आहेत. हे सगळे बोल्ट सैल होते. नायलॉनच्या कड्यांवर ठसे होते, वायसरखाली चकचकीत गोल होते, म्हणजे एके काळी ते आवळलेले होते, आणि तरी आता सैल. मी ते आवळायच्या तयारीत होते. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतले एक टर्नर काका माझे बुश बनवून देतात. ते त्या दिवशी माप घ्यायला घरी आले होते. त्यांनी माझा हात थांबवला. "ताई, हे आत्ता टाइट करू नका. गाडी चाकांवर उतरू द्या, वजन येऊ द्या, मग." कारण असे, की या बुशची आतली नळी बोल्टासोबत जखडली जाते आणि बाहेरची दांड्यासोबत, मधले रबर पीळ खाऊन हालचाल सोसते. गाडी घोड्यांवर (आधाराच्या स्टँडांवर) उचललेली असताना अ‍ॅक्सल खाली लोंबत असतो. त्या अवस्थेत बोल्ट आवळला, तर गाडी चाकांवर उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो, आणि ते थोड्याच काळात फाटते. म्हणून बुश नेहमी गाडीच्या वजनाखालीच शेवटचे आवळायचे. काकांनी अ‍ॅक्सल परत बसवला होता, बोल्ट मुद्दाम सैल ठेवले होते, आणि गाडी चाकांवर उतरायचा दिवस त्यांना मिळाला नाही. मागच्या अ‍ॅक्सलचे ते काम पूर्ण होते. मला मात्र ते अपुरे दिसत होते.

स्टिअरिंगच्या रॅकखालीही हेच. एका बाजूला दोन पातळ पट्ट्या, दुसऱ्या बाजूला एकच. पाहणारा प्रत्येकजण म्हणत होता, की एक पट्टी पडली असेल, दोन्हीकडे सारख्या करून टाका. पण रॅकची उंची ही सजावटीची बाब नाही. चाक खड्ड्यात उतरते किंवा उंचवट्यावर चढते तेव्हा विशबोन आणि स्टिअरिंगचा दांडा दोघेही आपापल्या कमानीत फिरतात. या दोन कमानी जुळल्या नाहीत तर स्टिअरिंग न हलवताही चाक आपोआप आत किंवा बाहेर वळते, आणि गाडी खराब रस्त्यावर स्वतःच्या मनाने भरकटू लागते. हे तपासता येते. स्प्रिंग काढून ठेवायची, हबला एक सरळ फळी घट्ट बांधायची, जॅकने चाक सर्वांत खालच्या जागेपासून सर्वांत वरच्या जागेपर्यंत थोडेथोडे उचलायचे आणि प्रत्येक टप्प्यावर फळीच्या पुढच्या व मागच्या टोकाचे अंतर एका स्थिर दोरीपासून मोजायचे. काकांनी ठेवलेल्या असमान पट्ट्यांवर दोन्ही अंतरे जवळजवळ सारखी राहिली. पट्ट्या सारख्या करून पाहिल्या, तर पुढचे टोक प्रत्येक टप्प्यावर सरकू लागले. चासी वेल्ड करताना कुठेतरी किंचित ओढली गेली असणार, आणि ती चूक त्या एका पातळ पट्टीने भरून काढलेली आहे. ती पट्टी हरवली असती तर मला तिची गरजही कळली नसती, नुसती गाडी वाईट चालली असती आणि दोष मी टायरला दिला असता.

त्यामुळे मी ठरवले, की उरलेली गाडीही पूर्ण खोलायची. हा निर्णय घ्यायला फार जड गेले. पुढे न्यायला घेतलेली गाडी आपल्याच हाताने मागे न्यायची, आणि तीही काकांनी स्वतः आवळलेले बोल्ट सोडवून, हे मनाला पटत नाही. तरीही दुसरा मार्ग मला दिसला नाही. काय पक्के आहे आणि काय नाही हे प्रत्येक सांध्यापाशी नव्याने ओळखत बसण्यापेक्षा, खोलण्याआधी प्रत्येक सांध्याची मापे व फोटो घ्यायचे, बोल्टाची लांबी, वायसरांची संख्या आणि कोणत्या बाजूने घातला आहे ते वहीत लिहायचे, डावे-उजवे नेहमी चालकाच्या आसनावरूनच मोजायचे, आणि मग खोलायचे. खोलण्याच्या सूचना नव्हत्या, तर त्या आपण लिहायच्या.

वडोदरा हे यंत्रविद्येचे जुने गाव आहे. सयाजीरावांच्या काळात १८९० मध्ये इथे कलाभवन सुरू झाले, ज्याच्या जागी आज विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा उभी आहे, आणि काका तिथेच शिकले होते. त्यांचे वेल्डिंग पाहिले की शिक्षण दिसते. म्हणूनच त्यांनी एकही आराखडा मागे ठेवला नाही याची मला राहून राहून खंत वाटते. कारखान्यात साध्या कंसाचेही रेखाचित्र काढणारा माणूस घरच्या कामाला ते काढत नाही, कारण सगळे आपल्या लक्षात आहे असे त्याला वाटते. घरी काही बनवणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते, की चित्र वाईट आले तरी चालेल, पण काढून ठेवा.

या कामात क्रमाला किती महत्त्व आहे हे सेव्हनसारख्या अरुंद गाडीतच कळते. मोठ्या गाडीत हात घालायला जागा असते. इथे दोन आसनांमधला बोगदा एवढा चिंचोळा आहे, की प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारा फिरता दांडा, त्यात गिअरबॉक्स येण्याआधीच सरकवून ठेवावा लागतो. हँडब्रेकची केबल आणि मागच्या ब्रेकचा पाइप त्याच्याही आधी, कारण शाफ्ट आल्यावर बोगद्याच्या भिंतीपर्यंत बोट पोहोचत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेर जमिनीवर एकत्र जोडून, शेपूट खाली कलवून, पुढून एकसंध आत घ्यावे लागतात. आत गेल्यावर बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या क्लचच्या कवचाच्या, वरच्या दोन बोल्टांना कोणताच पाना लागत नाही. म्हणजे क्लच प्लेट आधीच बिनचूक मधोमध बसलेली हवी, आणि त्यासाठी टर्नर काकांनी मला गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या मापाचा लाकडी शाफ्ट लेथवर काढून दिला आहे, तो घालून प्लेट मध्यावर धरायची आणि मग प्रेशर प्लेट आवळायची. पेडलच्या पेटीचे नट पायाजवळच्या पत्र्यामागे जातात, म्हणून तो पत्रा पेटीनंतर. आणि तो रिव्हेटचा असल्यामुळे चुकले तर रिव्हेट ड्रिलने उडवणे आले. हा सगळा क्रम मी ओरखड्यांवरून लावला. बोगद्याच्या आतल्या भिंतीवर एक लांब तिरकी रेघ आहे, ती गिअरबॉक्सच्या शेपटाची. रेघेच्या कलावरून इंजिन कोणत्या कोनात आत गेले होते ते समजते. प्रॉपेलर शाफ्टच्या सरकत्या जोडावर पांढऱ्या रंगाचे दोन ठिपके आहेत. ते समोरासमोर आले पाहिजेत, कारण दोन्ही टोकांचे युनिव्हर्सल जॉइंट एका रेषेत नसले तर शाफ्ट वेगात थरथरतो. हे ठिपके चिखलाखाली होते, आणि खोलण्याआधी ते धुऊन पाहिले म्हणून दिसले.

नट-बोल्टांचा घोळ हा वेगळाच जाच आहे. पद्मिनी मूळची फियाट, म्हणून तिचे आटे मेट्रिक. अँबॅसिडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणून तिचे आटे इंची. दोन्ही गाड्यांचे बोल्ट एकाच खोक्यात आले की डोळ्यांना फरक कळत नाही, कारण ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आणि शेजारचा बोल्ट आहे ८ मिलिमीटरचा. इंची बारीक आट्यांमधले अंतर १.०६ मिलिमीटरच्या आसपास असते, मेट्रिकचे १.२५. त्यामुळे चुकीचा नट एक-दोन फेरे गुण्यागोविंदाने जातो आणि मग अडतो. इथे माणूस गंज समजून जोर लावतो आणि आटे कायमचे जातात. डोकी आणखी फसवी. ८ मिलिमीटरच्या बोल्टाला १३ चा पाना लागतो, ५/१६ च्या बोल्टाला अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा. १३ चा पाना त्यावर बसतोही आणि हलक्या हाताने फिरतोही, फक्त जोर दिला की कोपरे गोल करतो. पेडलच्या पेटीचे जुने बोल्ट सगळे असेच गोल झालेले निघाले. मी आता आट्यांची मापपट्टी लावल्याशिवाय एकही नट फिरवत नाही, इंची बोल्टांना लाल रंगाचा ठिपका देते, आणि ज्या बोल्टाला कोणतीच पट्टी जुळत नाही तो सरळ बाजूला टाकते.

पद्मिनीचे भाग मिळवणे दिवसेंदिवस अवघड होत आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी निघणे बंद होऊन दोन दशके उलटली, तरी तिचे सुटे भाग मिळत राहिले, ते मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमुळे. त्यातल्या शेवटच्या पद्मिनीची वयोमर्यादा २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली, आणि रोजची मागणी संपल्यावर दुकानदार माल का ठेवील? १०८९ सीसीच्या त्या इंजिनाची गास्केट आणि क्लच प्लेट मला मुंबईत मिळाली. गिअरबॉक्सच्या मागच्या रबरी पायासाठी मात्र फिरत राहावे लागले, आणि जो मिळाला तो वर्षानुवर्षे रॅकवर पडून इतका कडक झाला होता, की नखही रुतत नव्हते. नवे म्हणून घेतलेले रबर जुनेच असू शकते, हे ध्यानात ठेवावे.

वायरिंगचा विषय थोडक्यात संपतो, पण तिथे एक मुद्दा महत्त्वाचा आहे. पत्र्याच्या गाडीत दिव्याला एकच तार नेली तरी भागते, कारण परतीचा मार्ग म्हणजे गाडीचे अंग. फायबरमधून वीज वाहत नाही. या गाडीच्या नाकावरचे दिवे, इंडिकेटर आणि मडगार्डवरचे छोटे दिवे या प्रत्येकाला चासीपर्यंत जाणारी स्वतःची अर्थिंगची तार हवी. काकांनी त्या ओढल्या होत्या, आणि नाक काढताना नेमक्या त्याच सोडवल्या गेल्या. हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, पद्मिनीचा असल्याने त्याच्या आराखड्यात या तारा नाहीत, आणि आराखड्याशी ताडून पाहिले तर सर्व काही जोडलेले दिसते. दिवा मंद लागणे, इंडिकेटर दिला की हेडलाइटही किंचित लुकलुकणे, अशा खोडी फायबरच्या गाडीत दिसल्या, तर आधी अर्थिंग पाहावे.

ही गाडी रस्त्यावर येईल का, असे मला अनेकजण विचारतात. सार्वजनिक रस्त्यावर नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल वाहनात करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत ते आणखी स्पष्ट केले. नवे वाहन म्हणून नोंदवायचे तर पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून नमुन्याची चाचणी करून घ्यावी लागते, जी कारखान्यांच्या आवाक्यातली गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये १९९८ पासून घरी बनवलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देण्याची रीतसर पद्धत आहे. आपल्याकडेही तसे काही असावे असे मला मनापासून वाटते, कारण तपासणीची वाट खुली असली की माणसे आराखडे काढतात, वेल्ड तपासून घेतात आणि ब्रेककडे दुर्लक्ष करत नाहीत. तोवर ती वडोदऱ्याजवळच्या सावली गावाच्या बाजूला आमच्या नातलगांच्या मोकळ्या जागेत चालेल, आणि मला तेवढे पुरेसे आहे.

सध्या मागचा अ‍ॅक्सल जागेवर आहे, बुशचे बोल्ट टर्नर काकांच्या सांगण्याप्रमाणे सैल आहेत, आणि इंजिन स्टँडवर क्लचसह तयार आहे. ते आत घेण्याची घाई मी करत नाही, कारण त्याआधी ब्रेकचे पाइप बदलायचे आहेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. इतकी वर्षे ते तसेच राहिल्याने चाकांच्या सिलिंडरमधले पिस्टन गंजून चिकटले होते, आणि जुने पाइपही आतून तसेच असणार. मास्टर सिलिंडर अँबॅसिडरचा असल्याने तिथले तोंड इंची आणि चाकांकडचे मेट्रिक. ३/८ इंची जोड १० मिलिमीटरच्या भोकात थोडा फिरतो, पण बसत नाही, आणि पाइपच्या टोकाची फुलवण दोन्हीकडे वेगळ्या आकाराची असते. काकांनी मध्ये कुठेतरी एक जोडतुकडा वापरला होता. तो खोक्यांमध्ये सापडलेला नाही, म्हणून पितळेचा नवा तुकडा, एका तोंडाला इंची आणि दुसऱ्याला मेट्रिक आटे पाडून, मकरपुऱ्यात करायला टाकला आहे. तो आला की नवे बंडी पाइप (ब्रेकसाठीचे पोलादी पाइप) वाकवून बसवायचे, पेडल दाबून धरून प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून पाहायचा, आणि कागद कोरडा राहिला तरच इंजिन आत घ्यायचे.